मामांच्या ताटाएवढ्या तबकड्या: लेझर डिस्क संगणकात कशा उतरवायच्या

माझे मामा नोकरीनिमित्त अकरा वर्षं जपानात होते. १९९७ साली ते इंदूरला परतले तेव्हा रामबागेतल्या घरी सामानाबरोबर दोन मोठी खोकी आली. एकात प्लेयर होता, दुसऱ्यात त्रेसष्ट तबकड्या. रविवारी संध्याकाळी आम्ही सगळी भावंडं सतरंजीवर बसायचो. मामा एक तबकडी पाकिटातून काढायचे, तळव्यांनी फक्त कडा धरून, आरतीचं ताट धरावं तशी. मग मोटर फिरायला लागायची, तिचा आवाज चढत चढत एका सुरावर स्थिर व्हायचा आणि पडद्यावर बर्फातून धूर सोडत जाणारी वाफेची आगगाडी यायची. आम्ही पोरांनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो असा.

मामा गेल्यावर मामी म्हणाली, "तू नेतोस का हे? नाहीतर भंगारवाल्याला देते." मी नेलं. त्या तबकड्या संगणकात उतरवायला मला सात महिने लागले. त्यातले निदान चार महिने चुकीच्या वाटेवर गेले. तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. तबकडीच्या आधी प्लेयर संपणार आहे. लेझर डिस्क १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत विक्रीला आली आणि पायोनियरने प्लेयर बनवणं थांबवत असल्याचं जानेवारी २००९ मध्ये जाहीर केलं. म्हणजे आज चालणारा प्रत्येक प्लेयर जुनाच आहे आणि त्याचं रबर, ग्रीस, लेझर हे सगळं रोज थोडं थोडं झिजतं आहे. "पुढच्या सुट्टीत बघू" असं म्हणू नका.

काय काय लागेल

- चालू स्थितीतला प्लेयर आणि शक्यतो त्याचा रिमोट
- प्लेयर १०० किंवा १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणि एक मल्टिमीटर
- कॉम्पोझिट केबल (पिवळी, लाल, पांढरी) आणि प्लेयरला सोय असेल तर ऑप्टिकल केबल
- व्हिडिओ कॅप्चर उपकरण, म्हणजे प्लेयरचं चित्र संगणकात घेणारं यंत्र
- निदान दोन टेराबाइटची रिकामी हार्ड डिस्क आणि तेवढीच दुसरी
- डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर फडकी
- यूपीएस. पावसाळ्यात वीज झपकन गेली की तासाभराचं काम जातं.
- एक वही. हिचं महत्त्व पुढे सांगतो.

१. तबकडी कोणती आहे ते आधी ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मी चौकशी करत होतो तेव्हा दहातले नऊजण "अहो, व्हीसीडी ना?" असंच विचारायचे. व्हीसीडी आणि डीव्हीडी या डिजिटल, त्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातल्या की फाइल निघते. लेझर डिस्क चकाकते सीडीसारखी, वाचली जाते लेझरनेच, पण तिच्यातलं चित्र अ‍ॅनालॉग आहे. त्यातून फाइल "कॉपी" करता येत नाही. प्लेयरवर ती चालवायची आणि चालता चालता संगणकाने नोंदवायची, एवढाच मार्ग. तासाभराच्या बाजूला तासच लागतो.

नेहमीची लेझर डिस्क ३० सेंटिमीटर व्यासाची, काही २० सेंटिमीटरच्या असतात. सोनेरी रंगाची, सीडीएवढी तबकडी सापडली तर ती सीडी व्हिडिओ असण्याची शक्यता आहे. तिच्यात पाचेक मिनिटांचं अ‍ॅनालॉग चित्र आणि बाकी नुसती गाणी असतात. आणि तबकडी प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बंद असेल, तर ती उघडून हात लावू नका. ती सीईडी किंवा व्हीएचडी या वेगळ्याच जातीची असते. सीईडी तर सुईने वाचली जाते, बोटाचा ठसासुद्धा तिला सोसत नाही. तिला प्लेयर वेगळा लागतो आणि हा लेख तिच्या उपयोगाचा नाही.

लेझर डिस्कच आहे हे नक्की झालं की पाकिटावर दोन गोष्टी शोधा.

पहिली, एनटीएससी की पाल, म्हणजे टीव्हीच्या चित्राची कोणती पद्धत. जपान-अमेरिकेच्या तबकड्या एनटीएससी, युरोपच्या बहुतेक पाल. फक्त एनटीएससीचा प्लेयर पाल तबकडी दाखवणार नाही. जपानी तबकडीच्या पाकिटावर हाय-व्हिजन किंवा म्यूझ असं लिहिलेलं असेल तर ती बाजूला ठेवा, तिला खास प्लेयर आणि डिकोडर लागतो.

दुसरी, सीएव्ही की सीएलव्ही, म्हणजे तबकडी एकाच वेगाने फिरते की बदलत्या. एनटीएससीत सीएव्हीच्या एका बाजूला ३० मिनिटं मावतात आणि ती मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या एकाच वेगाने फिरते. सीएलव्हीत ६० मिनिटं मावतात आणि तिचा वेग १८०० पासून उतरत ६०० पर्यंत येतो. पाकीट हरवलं असेल तर तबकडी खिडकीपाशी तिरकी धरा. सीएव्हीवर मध्यापासून कडेपर्यंत गेलेले, समोरासमोरचे दोन सरळ पट्टे दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारखे. सीएलव्हीवर ते दिसत नाहीत. हे एकदा डोळ्यांना कळलं की पुन्हा पाकीट बघावं लागत नाही.

२. सगळंच उतरवू नका

मामांच्या त्रेसष्टपैकी चाळीसेक तबकड्या प्रसिद्ध चित्रपटांच्या होत्या. ते सगळे नंतर डीव्हीडीवर, ब्लू-रेवर कितीतरी चांगल्या रूपात आले. त्यांच्यावर प्लेयरचं आयुष्य खर्चू नका. आगगाडीची तबकडी मात्र कुठेच पुन्हा निघालेली मला सापडली नाही. जपानात अशा नुसत्या दृश्यांच्या तबकड्या निघत: रेल्वे, बागा, समुद्र, मागे संगीत. त्या, मैफली, माहितीपट, कराओके, आणि ज्या चित्रपटाचा मूळ आवाज किंवा मूळ रंग नंतरच्या आवृत्तीत बदलला, असं साहित्य आधी घ्या. माझी यादी शेवटी एकवीसवर आली.

हक्कांचंही इथेच सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठीच्या न्याय्य उपयोगाला मुभा देतं. घरी बघायला, जपायला प्रत करणं ही एक गोष्ट आणि ती इंटरनेटवर टाकणं ही अगदी दुसरी. चित्रपटाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे "जुनं आहे, चालतं" हे इथे लागू पडत नाही.

३. प्लेयरला वीज देण्याआधी थांबा

आमच्याकडे प्लेयर आला त्या दिवशी मी वर गच्चीवर होतो. भाच्याने उत्साहाने जपानी पिनेला अ‍ॅडॉप्टर लावला आणि थेट भिंतीच्या बोर्डात घातला. टक् असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास जिन्यापर्यंत आला. प्लेयर १०० व्होल्टचा, आपली वीज २३० व्होल्टची. नशिबाने फ्यूज आणि वीज-पुरवठ्याचा एकच भाग गेला होता. जेल रोडजवळच्या एका जुन्या टीव्ही कारागिरांनी तो बदलून दिला. तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत माझी झोप उडाली होती.

म्हणून मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचल्याशिवाय पिन लावू नका. अ‍ॅडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. प्रवासात वापरतात ते हलके, स्वस्त कन्व्हर्टरही नकोत. तांब्याच्या वाइंडिंगचा जड ट्रान्सफॉर्मरच घ्या. दुकानात ११० व्होल्टचे सहज मिळतात, पण जपानी यंत्राला १०० चाच हवा. मी महाराणी रोडवर चौकशी केली आणि एका वाइंडिंगवाल्याकडून दोन दिवसांत बांधून घेतला. पट्टीवर जेवढे वॅट लिहिले असतील त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा सांगा. आणल्यावर आधी मल्टिमीटर लावून मोजा, मग प्लेयर जोडा. ५० आणि ६० हर्ट्झची काळजी जपानी प्लेयरला करू नका. जपानात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ वीज आहे, त्यामुळे तिथली यंत्रं दोन्हींवर चालतील अशीच असतात. अमेरिकी प्लेयरला मात्र पट्टीवर काय लिहिलं आहे ते पाहा.

मग यंत्राची तब्येत. ट्रे अडखळत बाहेर येत असेल तर बहुधा रबरी बेल्ट ताणला आहे. जुन्या बेल्टचा परीघ दोऱ्याने मोजा आणि त्याहून पाचेक टक्के लहान घ्या. चित्र वारंवार तुटत असेल तर भिंगावर धूळ असू शकते. आधी हातपंपाने हवा मारा, त्याने भागलं नाही तर कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून टेकवल्यासारखी फिरवा. भिंग केसाएवढ्या तारांवर तरंगत असतं, दाबू नका. झाकण उघडं ठेवून प्लेयर कधीही चालवू नका. नंतरच्या प्लेयरांचा लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा तेवढीच करतो. अगदी सुरुवातीच्या प्लेयरांत काचेच्या नळीचा लेझर असतो आणि त्याला उच्च दाबाची वीज लागते. तसला असेल तर जाणत्या माणसाकडेच न्या.

४. तबकडी धुताना बाजू चुकवू नका

माझी सगळ्यात जास्त मेहनत इथे फुकट गेली. तबकडीवर मधोमध "बाजू १" असं लेबल असतं. आपण साहजिकच ती बाजू पुसतो. पण प्लेयर खालून वाचतो. लेबल वर ठेवून तबकडी घातली की पहिल्या बाजूचं चित्र खालच्या पृष्ठभागावर असतं, म्हणजे ज्या पृष्ठभागावर "बाजू २" लिहिलेलं आहे तिथे. मी एक तबकडी चार वेळा धुतली आणि चित्रातली रेघ काही केल्या जाईना. डाग दुसऱ्याच बाजूला होता.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचे दोन थेंब, फडकं ओलं करून पिळलेलं, आणि हात मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा पडला तर वाचनाच्या रेषेलगतच पडतो आणि लेझर त्यात अडकून राहतो. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून उभी वाळवा. तबकडीवर अल्कोहोल नको. ती अ‍ॅक्रिलिकची असते, अल्कोहोलने तिला बारीक भेगा पडू शकतात. पाणी कडेला साचू देऊ नका, कारण ही एक तबकडी नसून पाठीला पाठ चिकटवलेल्या दोन आहेत आणि मधला गोंद हाच तिचा दुबळा भाग आहे.

त्या गोंदाच्या सांध्यातून दमट हवा आत गेली की आतला अ‍ॅल्युमिनियमचा थर गंजतो. त्याला लेझर रॉट म्हणतात. पडद्यावर रंगीत ठिपक्यांची भुरभुर दिसते, कुणी चिमटीने रांगोळीचे रंग उडवावेत तशी. पुसून ती जात नाही, आणि काळाबरोबर वाढते. असा ठिपका दिसलेली तबकडी रांगेत सगळ्यात पुढे घ्या. तडा गेलेली तबकडी मात्र लावूच नका. मिनिटाला १८०० फेऱ्यांना ती आतच फुटू शकते.

५. जोडणी

प्लेयरला एस-व्हिडिओची खाच असली की सगळे सांगतात "तीच वापर, तीच चांगली". टेपच्या बाबतीत ते खरं, इथे नेहमी खरं नाही. लेझर डिस्कवर चित्र मुळातच कॉम्पोझिट रूपात आहे, म्हणजे उजेड आणि रंग एकत्र मिसळलेले. ते कुठेतरी वेगळे करावेच लागतात. एस-व्हिडिओ वापरलं तर ते काम प्लेयरमधलं जुनं सर्किट करतं, पिवळी केबल वापरली तर तुमचं कॅप्चर उपकरण करतं. दोन्हींनी पाच-पाच मिनिटं घ्या आणि बारीक पट्ट्यांचा सदरा किंवा जाळी असलेलं दृश्य शोधून बघा. जिथे त्या पट्ट्यांवर इंद्रधनुष्य कमी वळवळतं ती जोडणी ठेवा. माझ्याकडे पिवळी केबल जिंकली.

पिवळ्या केबलचं एचडीएमआय करून देणाऱ्या छोट्या स्वस्त डब्या मिळतात, त्या घेऊ नका. त्या चित्र आपल्या मनाने मोठं करतात, ओळी एकमेकांत कालवतात, आणि ते नंतर सुटं करता येत नाही. सुरुवातीला मी दोन तबकड्या शहरातल्या एका दुकानात करायला दिल्या होत्या. परत आल्या तेव्हा आगगाडीची चाकं अंड्यासारखी लांबट झाली होती.

आवाजासाठी पाकिटावर डिजिटल साउंड लिहिलं असेल तर ऑप्टिकल केबलने घ्या, तो ४४.१ किलोहर्ट्झचा सीडीच्या तोडीचा आवाज आहे. पण अ‍ॅनालॉग आवाजही एकदा ऐकून पाहा. कधी त्यावर वेगळीच भाषा किंवा दिग्दर्शकाचं भाष्य असतं. आणि एखाद्या तबकडीत अ‍ॅनालॉगच्या उजव्या बाजूने नुसता खरखराट आला तर घाबरू नका. तिथे एसी-३ हा सराउंड आवाज भरलेला असतो, त्याला वेगळा डिकोडर लागतो.

६. पहिली प्रत: कच्ची, पूर्ण, न सजवलेली

विंडोजवर व्हर्च्युअलडब हा मोफत प्रोग्राम पुरतो. आपल्याकडे कॅप्चर उपकरणं बहुधा पालवर बसवलेली असतात. ते बदललं नाही की चित्र काळं-पांढरं येतं आणि खालून वर घसरत राहतं. कितीतरी जण इथेच "प्लेयर खराब आहे" म्हणून सोडून देतात. एनटीएससी निवडा, आणि यादीत जपानसाठीचा वेगळा पर्याय असेल तर जपानी तबकडीला तो निवडा. अमेरिकी तबकडीत काळा रंग ७.५ आयआरई (चित्राच्या संकेताची पातळी मोजायचं एकक) वर असतो, जपानीत शून्यावर. हा फरक पाळला नाही तर मामांच्या रात्रीच्या दृश्यांसारखं होतं, इंजिनाचा दिवा तेवढा दिसतो आणि इंजिन अंधारात बुडतं.

मापं अशी ठेवा: एनटीएससी ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. पाल ७२० बाय ५७६, सेकंदाला २५. रंग ४:२:२. कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१, ज्यात काहीही गाळलं जात नाही. अजिबात न दाबलेलं एनटीएससी चित्र सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट, म्हणजे तासाला ७५ जीबीच्या जवळ जातं. या कोडेकांनी ते बरंच कमी होतं. थेट एमपी४ मध्ये नोंदवायचा मोह होईल, कारण फाइल छोटी येते. नका करू. तुमची तबकडी उद्या गंजेल, प्लेयर बंद पडेल, आणि हातात दाबून चेपलेली प्रत उरेल.

प्रत्येक बाजू वेगळ्या फाइलमध्ये घ्या. सुरू करण्याआधी उजळ दृश्यावर जाऊन बघा: ढग किंवा बर्फ सपाट पांढरा पडत असेल तर ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट उतरवा. एकदा कापला गेलेला पांढरा परत येत नाही. नोंदणी चालू असताना संगणकावर दुसरं काही करू नका आणि संपल्यावर गळालेल्या फ्रेमचा आकडा बघा. शून्य हवा. नसेल तर पुन्हा घ्या. आवाज वेगळ्या साउंड कार्डातून घेतला तर शेवटच्या दहा मिनिटांत ओठ आणि शब्द जुळतात का ते तपासा. सुरुवातीला जुळलेले दिसतात, घसरतात ते शेवटी.

आणि ती वही. तारीख, तबकडीच्या पाकिटावरचा क्रमांक, बाजू, कोणती केबल, काय सेटिंग, कुठल्या मिनिटाला ठिपके. विसाव्या फाइलपाशी तुम्हाला पहिलीची सेटिंग आठवणार नाही.

कॉपीगार्डची भीती बाळगू नका. व्हीएचएसवर असायचा तसा अडथळा लेझर डिस्कवर नसतो.

७. याहून खोल जायचं असेल तर

हा टप्पा सगळ्यांसाठी नाही, पण तबकडी खरोखर दुर्मीळ असेल तर माहीत असावा. डोम्सडे डुप्लिकेटर नावाचं एक बोर्ड आहे. ते प्लेयरच्या चित्र बनवणाऱ्या सर्किटांपर्यंत जातच नाही, लेझरने वाचलेला कच्चा संकेतच सेकंदाला ४ कोटी नमुन्यांच्या वेगाने टिपून घेतं. मग एलडी-डिकोड हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून चित्र घडवतं. नाव आलं आहे बीबीसीच्या १९८६ च्या डोम्सडे प्रकल्पावरून, ज्याच्या लेझर डिस्क पुढे वाचणंच अवघड होऊन बसलं. यासाठी प्लेयरच्या आत तार झाळावी लागते आणि तासाला १८० जीबीच्या आसपास जागा लागते. पण एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती मिळाल्या तर त्यांचे संकेत एकमेकांवर रचून गंजलेल्या जागा भरून काढता येतात.  आगगाडीच्या तबकडीची दुसरी प्रत मी अजून शोधतो आहे.

८. मग बघण्याजोगी प्रत

कच्ची फाइल संगणकावर लावली की हलणाऱ्या वस्तूंच्या कडेला फणीचे दात दिसतात. तो दोष नाही, टीव्हीचं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी बनायचं त्याची ती खूण आहे. कॅमेऱ्याने थेट व्हिडिओवर घेतलेली मैफल असेल तर डीइंटरलेस करा, म्हणजे त्या अर्ध्या ओळींची पूर्ण चित्रं बनवा, सेकंदाला ५९.९४ फ्रेम ठेवा, हालचाल मऊ राहते. त्यासाठी हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधला बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर पुरेसा चांगला आहे, वेळ असेल तर क्यूटीजीएमसी हा दुसरा फिल्टर त्याहून चांगला.

चित्रपट असेल तर आधी एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. तीन फ्रेम स्वच्छ, दोन फणीच्या, पुन्हा तीन स्वच्छ, असा ताल दिसला तर तो मुळात सेकंदाला २४ फ्रेमचा आहे. त्याला डीइंटरलेस करू नका, इन्व्हर्स टेलिसिने करा, म्हणजे मूळच्या फ्रेम जशाच्या तशा परत मिळतात. मी पहिले तीन चित्रपट डीइंटरलेस करून अर्धा तपशील घालवला होता. कच्च्या फाइली ठेवल्या होत्या म्हणून पुन्हा करता आले.

शेवटी प्रमाण ४:३ करा. माणसांचे चेहरे बघत बसू नका, पडद्यावर एखादं चाक किंवा घड्याळ शोधा. ते गोल दिसलं की झालं.

९. ठेवायचं कसं

कच्ची आणि तयार अशा दोन्ही प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घरी, एक दुसऱ्या घरी. माझी दुसरी पुण्याला बहिणीकडे आहे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ताडून बघा. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की वजनाने वाकतात. गच्चीखालची मे महिन्यात तापणारी खोली नको आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही नको. आमच्या आता मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात आहेत.

एकविसावी तबकडी झाली त्या रात्री मी आगगाडीची फाइल मामीच्या टीव्हीवर लावली. तिने चष्मा लावला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "आवाज कमी आहे रे. ते लावायचे तेव्हा आधी ती मोटर फिरायची." दुसऱ्या दिवशी मी प्लेयरच्या शेजारी फोन ठेवून मोटर सुरू होण्याचा तो आवाज नोंदवला. तीही फाइल आता त्याच फोल्डरमध्ये आहे. तुमचा प्लेयर चालू आहे तोवर तुम्हीही नोंदवून ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.